नकार आणायला गेलेले भाऊ

लग्नाच्या बोलणीत होकार आणायला माणसं जातात. त्यासाठी घरातला वडीलधारा निवडतात, त्याला इस्त्रीचा सदरा घालायला लावतात. नकार आणायला कोणी जात नाही. नकार आपोआप कळतो असं धरून चालतात. फोन उचलला जात नाही, मध्यस्थ बाजारात दिसला तर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जातो, आणि कधीतरी तिसऱ्याच माणसाकडून समजतं की त्या मुलाची हळद लागली.

रत्नागिरीत नाचणे रस्त्याला राहणारे वसंत घवाळी शिमग्यानंतरच्या एका शनिवारी नकार आणायला निघाले. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो आणि इथल्या एका दैनिकात काम करतो. त्या दिवशी मला जयगडला जायचं होतं, म्हणून ते माझ्या गाडीत बसले. पुढे जे झालं ते मी त्यामुळे पाहिलं.

प्रकरण असं होतं. देवरूखजवळच्या एका वाडीत गंगाराम शिवगण राहतात. त्यांचे थोरले बंधू पोफळीच्या वीजगृहात भाऊंच्या बरोबर नोकरीला होते, एवढीच ओळख. गंगारामांची मुलगी मानसी परिचारिका आहे. दिवाळीनंतर हेदवीकडचं एक स्थळ तिला पाहून गेलं. मुलगा मुंबईला, आईवडील गावी. जाताना मुलाच्या आईने मानसीची हनुवटी धरून म्हटलं होतं, “आमाला पसंत हाय. पुढचं कळवताव.” त्यानंतर काही कळवलं नाही. संक्रांत गेली, शिमगा गेला. दरम्यान मानसीला कोल्हापूरच्या एका इस्पितळात कायम नोकरी मिळाली आणि येत्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. गंगाराम तिला जाऊ देत नव्हते. त्यांचं म्हणणं असं की लग्न मुंबईला ठरतंय, मग कोल्हापूरला रुजू व्हायचं कशाला, आणि मुलगी घाटावर एकटी राहायला गेली हे हेदवीला कळलं तर ते काय म्हणतील.

शुक्रवारी संध्याकाळी ते भाऊंकडे आले. पायरीवरच बसले.

“भाऊ, तुमी एकदा जाऊन या. त्यांचा हो हाय. फक्त तोंडातनं बाहेर पडत नाय.”

“आणि नाही असलं तर?”

“असं अभद्र नका बोलू ओ.”

“गंगाराम, मी गेलो तर तिथे जे असेल ते घेऊन येईन. हो असलं तर हो. नाही असलं तर नाही. चालेल?”

 “होच असंल,” असं म्हणून गंगाराम उठले. ते गेल्यावर भाऊ मला म्हणाले, “उद्या जयगडला जाताय ना? तरीतून खाडीपलीकडे हेदवीला आलात तर बरं होईल. मला ‘नाही’ आणायला जायचंय.”

असल्या कामाला ते नवखे नव्हते. नकार आणायला तेवढे पहिल्यांदा जात होते. नकार पोचवण्याचं काम मात्र ते कित्येक वर्षं करत आले होते, आणि जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांना ते त्याच कारणासाठी माहीत होते.

सुरुवात पोफळीत झाली. तिथल्या वसाहतीत निरनिराळ्या जिल्ह्यांतली कुटुंबं भिंतीला भिंत लावून राहत. लग्नं जमवणं हा संध्याकाळचा उद्योग होता. भाऊंच्या एका सहकाऱ्याच्या धाकट्या भावासाठी चिपळूणकडची मुलगी पाहिली गेली. घरात पसंत पडली नाही. सहकाऱ्याला सांगायचा धीर होईना, म्हणून त्याने भाऊंना पुढे केलं. भाऊ गेले तेव्हा मुलीच्या घराला नवा रंग लागला होता. गिलावा काढून भिंत पुन्हा सारखी केली होती. मुलीचा भाऊ शिडीवर चढून तुळईला वॉर्निश लावत होता. शिडीवरूनच त्याने विचारलं, “पाव्हने कधी येनार?”

भाऊ हा प्रसंग सांगत तेव्हा पुढे काय बोलले ते सांगत नसत. रंग कुठला होता ते सांगत. फिकट पिस्ता.

वीजगृहात त्यांचं काम यंत्रं चालू-बंद करण्याच्या पाळीत होतं. तिथे लाइन बंद केली की दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाला तोंडाने सांगायचं, त्याने ते तोंडाने परत म्हणून दाखवायचं, मगच त्याने हात लावायचा अशी पद्धत होती. भाऊ म्हणत, “बंद लाइनने कोणी मरत नाही. चालू लाइनलाही माणूस जपून असतो. चालू आहे की बंद, हे माहीत नसलेला माणूस मरतो.” लग्नाच्या बाबतीत त्यांचं एवढंच तत्त्वज्ञान होतं. ते त्यांनी कधी याहून लांबवलं नाही.

त्यांच्या पत्नीला, माईंना, याचं मूळ वेगळं वाटे. त्या म्हणत, “पोफळीबिफळी काय नाही हो. मला बघायला आले आणि सबंध पावसाळा यांच्याकडून चकार शब्द नाही. मी दारात तुळस लावली होती, ती मंजिऱ्यांनी भरली तरी यांचा पत्ता नाही. आमचे आबा रोज पोस्टमनला विचारायचे.”

“ते वडिलांचं काम होतं,” भाऊ म्हणत.

“हां. आणि तुमच्या तोंडात काय सुपारी होती?”

 मला वाटतं माईंचं म्हणणं निदान अर्धं खरं असावं.

नकार पोचवण्याच्या त्यांच्या रीती ठरलेल्या होत्या. फोनवर कधी सांगायचं नाही, स्वतः जायचं. जेवणाच्या वेळेला जायचं नाही, कारण घरातल्यांना आधी पान वाढावं लागतं आणि मग तोंडातला घास कडू होतो. सणावाराच्या आदल्या दिवशी जायचं नाही. फाटकाशी थांबून स्वतःचं नाव सांगायचं, दार सताड उघडं असलं तरी. आत गेल्यावर पहिल्या वाक्यात सांगून टाकायचं. पाऊस, आंबा, गाड्यांची गर्दी हे विषय आधी काढायचे नाहीत, कारण त्या बोलण्याने घरात आशा चढते. सांगून झाल्यावर मात्र उठायचं नाही. चहा घ्यायचा. भाऊंना साखर वर्ज्य होती, तरी त्या घरचा चहा ते जसा येईल तसा पीत. “‘नाही’ सांगून चहा न घेता उठलो, तर ते ‘नाही’ त्या घराला लागतं. त्यांना वाटतं, आपण चहापुरतेही राहिलो नाही.”

आणि मुख्य म्हणजे मुलीला समोर बोलावायचं. ही अट ऐकून अनेक बाप गडबडत. पाहण्याच्या दिवशी मुलगी सर्वांसमोर बसते, पण निकाल बापाच्या कानात सांगायचा आणि मुलीने तो आईच्या चेहऱ्यावरून ओळखायचा, असा रिवाज. भाऊंना तो मान्य नव्हता. “बघायला तिला बोलावता, मग ऐकायला का नाही?”

हे लग्नापुरतं नव्हतं. आमच्या गल्लीत शेवंती नावाची मासेवाली येते. तिच्या डोक्यावरची टोपली उतरवायची तर समोरच्याला हात लावावा लागतो, आणि भरलेली टोपली पुन्हा डोक्यावर चढवणं त्याहून जड. बायका तिला उतरवायला लावतात, बांगडा बघतात, सुरमई दाबून बघतात, भाव विचारतात आणि मग आज चतुर्थी असल्याचं आठवतं. भाऊ तिची हाक ऐकली की फाटकाशी येत आणि लांबूनच हात करत. “आज नको गो शेवंती. उतरवू नकोस.” एकदा मी शेवंतीला विचारलं, की रोज नको म्हणणाऱ्याचा राग येत नाही का.

ती म्हणाली, “राग कशाला? भाऊंचा नको म्हंजे माझ्या मानेचा येक उतार-चढाव वाचला. त्या पलीकडच्या बाई बघा, रोज ‘ये गो, ये गो’ करतात. इतकी गोड, की सगळी मासळी सुकून सुकट होते उन्हात.”

फोन केला की ते “आत्ता बोललं तर चालेल?” असं विचारत, स्वतःच्या मुलालाही. रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्याला नाव विचारत आणि उतरताना त्या नावाने निरोप घेत. बँकेच्या रांगेत पुढच्याचं काम चालू असताना एक पाऊल मागे सरकून उभे राहत, मग मागचा वैतागला तरी. या सवयी त्यांच्यात इतक्या मुरल्या होत्या की पाहणाऱ्याला त्या जाणवायला वेळ लागे.

त्यांच्याबद्दल सगळेच चांगलं बोलत, असं मात्र नाही. काही लग्नं जुळवणाऱ्यांचा त्यांच्यावर राग होता. दोन्हीकडची दोरी थोडी सैल ठेवली की वेळ जातो आणि वेळेने पुष्कळ गोष्टी जमतात, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्यही आहे. एक मध्यस्थ भाऊंना तोंडावर म्हणाला होता, “भाऊ, तुम्ही म्हणजे डॉक्टरच्या आधी पोचणारे भटजी.” भाऊ त्यावर मनापासून हसले आणि ते वाक्य पुढे स्वतःच सगळ्यांना सांगत राहिले.

सर्वांत कडक बोल त्यांना पालीच्या एका शिक्षिकेने सुनावले. तेव्हा भाऊंची पद्धत पुढच्यापेक्षा मऊ होती. नकार सांगताना ते मुलीचं कौतुक करत, तिच्या हातच्या पोह्यांची आठवण काढत, योग नव्हता म्हणत. त्या शिक्षिकेने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमचं झालं का? तुम्ही इतकं गोड बोलता की आम्हाला रागवायचीसुद्धा सोय ठेवत नाही. मला राग आलाय. त्या लोकांनी माझी उंची भिंतीला लावून मोजली होती. तुमच्यासमोर आता मी चिडू कशी?”

भाऊंनी तिला विचारलं, “खरंच मोजली?”

“हो. पट्टी त्यांनी आणली होती.”

भाऊ म्हणाले, “मग चिडा. मी बसतो.”

ती चिडली. बराच वेळ बोलली. तिची आई आतून “अगो पुरे” म्हणत होती. भाऊ बसून राहिले आणि मध्ये एकदाही मान डोलावली नाही, कारण मान डोलावली की समोरच्याचा राग आपण वाटून घेतल्यासारखं होतं आणि त्याला तो आवरावा लागतो. हे स्पष्टीकरण त्यांचंच. त्या दिवसानंतर त्यांनी कौतुक आणि योग दोन्ही सोडून दिले. “गोड बोलणं ही माझी सोय होती. तिला काय त्याचं?” एवढंच ते म्हणत. ती शिक्षिका आता पालीलाच मुख्याध्यापिका आहे. भाऊंना ती दर दसऱ्याला सोनं द्यायला येई.

शनिवारी आम्ही जयगडला पोचलो. माझं काम तासाभरात झालं. तरीत गाडी चढवली आणि खाडी ओलांडून तवसाळला उतरलो. भाऊंनी पांढरा सदरा घातला होता. हेदवीच्या दशभुज गणपतीच्या फाट्यावरून पुढे गेल्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि हातपंपावर तोंड धुतलं.

घर सुपारीच्या बागेत होतं. कुटुंबाचं नाव इथे देण्याचं कारण नाही. मुलाचे वडील अंगणात बसून सुपाऱ्या सोलत होते. आई ओटीवर आली. भाऊंनी बेड्याशी, फाटकापाशीच, उभं राहून नाव सांगितलं आणि ओटीवर बसताक्षणी म्हणाले, “वहिनी, देवरूखच्या शिवगणांच्या मुलीचं विचारायला आलोय. सोमवारी तिला नोकरीवर जायचंय. तुमचं उत्तर आलेलं नाही म्हणून घरचे सोडत नाहीत.”

“आमी नाय कुठं म्हटलाव?”

“नाही म्हटलेलं नाही. बरोबर. मग हो म्हणा.”

“मुलगा कामात हाय. शिमग्याला येनार होता, तवा विचारनार होताव.”

“शिमगा झाला वहिनी.”

“सुट्टी गावली नाय त्याला.”

अंगणातून वडिलांनी मान वर न करता सांगितलं, “त्यानं तिकडंच एक बघितलीन हाय.”

“तुमी गप ऱ्हावा ओ!” बाई त्यांच्यावर ओरडल्या आणि भाऊंकडे वळल्या. “बघितलीन म्हनून काय झालं? मुंबईचं खूळ ता. उतरंल. शिवगणांची पोरगी गुणाची हाय. मला तीच पायजे. वरीसभर थांबली तर काय बिघडतंय?”

“तुम्हाला ती हवी आहे हे खरं आहे. पण नांदायचं तिला मुलाबरोबर आहे.”

बाई आत गेल्या. आत ताटाचा आवाज झाला. बाहेर आल्या तेव्हा हातात ताट होतं. ताटात खण, तांदूळ आणि हळदकुंकू लावलेला नारळ.

“ही ओटी तिला द्या. म्हनावं, जरा कळ काढ.”

कोकणात राहणाऱ्याला या ताटाचा अर्थ सांगावा लागत नाही. तो नारळ शिवगणांच्या घरात गेला असता तर वाडीने त्याला होकार मानलं असतं. गंगारामांनी तो देवाजवळ ठेवला असता आणि मानसी सोमवारी घरातून हलली नसती, पुढच्या सोमवारीही नाही. दुसरीकडे, घरच्या बाईने हळदकुंकू लावून पुढे केलेला नारळ परत करणं हा त्या घराचा अपमान आहे. शत्रूच्या घरीही तो घेतात, आणि मग वाटेतल्या देवळात ठेवून देतात. भाऊंनाही तसं करता आलं असतं. बाईंना वाटलं असतं नारळ पोचला, आणि बोलणी आणखी वर्षभर तशीच लोंबकळली असती.

भाऊंचे हात गुडघ्यांवर होते. ते तिथेच राहिले.

“वहिनी, हे मी नेणार नाही.”

“काय?”

“हा नारळ मी घेणार नाही.”

“कुंकू लावलेला नारळ नाकारता तुमी? माज्या दारात?” बाईंचा आवाज चढला. वडिलांचा कोयता थांबला. “लोक सांगतात, घवाळी भाऊ म्हंजे रीतीचा मानूस. ही रीत?”

“नाही. मी रीत मोडतोय. तुमचा राग बरोबर आहे.”

“मग घ्या तो नारळ!”

“नाही. मला तुमचं उत्तर द्या. मुलगा दुसरीकडे बघून बसलाय हे तुम्हाला माहीत आहे. ती पोर फोन वाजला की आधी तुमचं नाव दिसतंय का बघते. तिला एवढं कळू द्या.”

 बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते सगळं रागाचं नव्हतं. मुलगा आपल्या हातातून गेला हे मान्य करण्याची वेळ त्यांच्यावर परक्या माणसासमोर आली होती. भाऊंनी हे पाहिलं, आणि तरीही ते दुसरीकडे बघायला लागले नाहीत.

“नाय म्हनून सांगा जा,” वडील म्हणाले.

भाऊ बाईंकडेच बघत होते. “वहिनी, तुम्ही म्हणालात तर नेतो. पसंती तुम्ही सांगितली होती.”

“न्या!” बाई म्हणाल्या. “नाय तर नाय. आनि परत या दाराला येऊ नका.”

भाऊंनी दोघांना नमस्कार केला. चहा कोणी विचारला नाही. परतीच्या तरीत ते कठड्याला धरून उभे होते. जयगडचा धक्का जवळ आला तेव्हा म्हणाले, “बाई चुकीचं काही बोलली नाही. मी उद्धटपणा केला.” मी म्हटलं, दुसरा मार्ग नव्हता. ते म्हणाले, “मार्ग नसला म्हणून उद्धटपणा सभ्य होत नाही. तो करावा लागला, एवढंच.”  त्या प्रसंगाचा त्यांनी पुढे कधी अभिमानाने उल्लेख केला नाही. गुहागरकडच्या दोन-तीन घरांनी त्यांना लग्नाचं आमंत्रण देणं बंद केलं, हे मला माईंकडून कळलं.

रविवारी सकाळी आम्ही देवरूखला गेलो. गंगारामांच्या पडवीत सतरंजी घातली होती. पडवीच्या तोंडाशी, पायरीला लागून, भाऊ बसले. घरातून पाट सरकवल्याचे आवाज येत होते, गोड काहीतरी शिजत होतं.

“मानसीला बोलवा,” भाऊ म्हणाले.

“तिचं काय काम? आमाला सांगा की.”

“तिचंच काम आहे.”

मानसी दारात येऊन उभी राहिली. तिची आई तिच्या मागे. भाऊ म्हणाले, “हेदवीहून ‘नाही’ आलंय. मुलाने मुंबईत दुसरी मुलगी पसंत केली आहे. तुझ्यात त्यांनी काही खोट काढलेली नाही. काढली असती तर तेही मी सांगितलं असतं.”

“नक्की?” मानसीने विचारलं.

“नक्की. त्याची आई स्वतःच्या तोंडाने म्हणाली.”

मानसीने चौकट धरली होती. हात सोडला आणि आत गेली. आईने पदर तोंडाला लावला. गंगाराम उठून उभे राहिले, पुन्हा बसले, आणि मग त्यांचा बांध फुटला.

“तुमाला काय ‘नाय’ आनायला धाडलं होतं? मला काल रातचाच फोन आला त्यांचा, घरात बोललो नाय, म्हटलं तुमी काय तरी जुळवून आला असाल. नारळ देत होती ना ती बाई? ओटी भरून देत होती! आनि तुमी परत केलात! अहो, नारळ आला असता तर कधी ना कधी शबूद जुळला असता. आता कोन येनार या दारात? नारळ परत केलेलं घर म्हनतील आमाला!”

भाऊ ऐकत होते. मान डोलावत नव्हते. गंगारामांचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जात होता आणि तिथली माणसं कुडणाच्या कुंपणाशी येऊन उभी होती. “पोरगी तुमची असती तर केलं असतात असं? सांगा ना! तुमचं काय जातंय? तुमी जाल रत्नागिरीला गाडीत बसून. हितं वाडीत तोंड आमाला दाखवायचं हाय! माजी पोरगी काय रस्त्यावर…”

आतून मानसी फोनवर बोलत असल्याचं ऐकू येत होतं. “हो मॅडम. उद्या सकाळी रुजू होते. नाही, अडचण होती, आता नाही.” थोड्या वेळाने ती पडवीत आली. ड्रेस बदलला होता, खांद्याला पर्स होती, हातात बॅग होती. डोळे लाल होते. पायरीवर जाण्याच्या वाटेत भाऊ बसले होते.

भाऊ उठले. सतरंजीवरून उठताना त्यांना वेळ लागे. एक हात जमिनीला टेकून, मग खांबाला धरून ते उभे राहिले आणि भिंतीला सरकून त्यांनी वाट करून दिली. नुसतं पाय जवळ घेतले असते तरी ती गेली असती. त्या घरात पुरुष पडवीत बसले असताना बायका भिंतीच्या कडेकडेने जात. वयाने सर्वांत मोठा माणूस मुलीसाठी उठून उभा राहिलेला मानसीने आजवर पाहिला नसावा, कारण ती चालायची थांबली. तिला आधी वाटलं असावं की ते निघालेत.

“जा,” भाऊ म्हणाले. “गाडी चुकेल.”

गंगारामांचं वाक्य मध्येच राहिलं होतं. भाऊ उभे असताना त्यांना बसून बोलता येईना. तेही उठले. उठल्यावर काय करायचं हे त्यांना कळेना. मग त्यांनी मुलीच्या हातातली बॅग घेतली.

“गाडी साखरप्यावरनं हाय ना गो?”

“हां.”

“चल मग.”

बापलेक पायऱ्या उतरून वाटेला लागले. कुडणाशी उभ्या असलेल्या शेजाऱ्यांना गंगारामांनीच आपण होऊन सांगितलं, “कोल्हापूरला चाललीय. नोकरी लागलीय.”

भाऊ त्या पावसाळ्यात गेले. त्याआधी जिन्यात, फाटकाशी ते मला रोज दिसत होते. पण आठवायला बसलं की ते दिसतात ते शिवगणांच्या पडवीत, खांबाला धरून उभे. मानसी वळणाआड गेली होती, पडवीत कोणी त्यांना बसा म्हणत नव्हतं, आणि ते कोणाच्या तरी सांगण्याची वाट बघत असल्यासारखे शांतपणे उभे होते.